चाराच्या डोक्यावरची टोपी

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. सिंगापूरला मुलाच्या घरी, फ्रिजवर चिकटवलेल्या एका चिठ्ठीवरच्या इंग्रजी चाराचा मी नऊ केला. चाराचं डोकं उघडंच होतं. त्यावर पेनाने एक आडवी टोपी घातली आणि सत्तेचाळीसचे सत्त्याण्णव झाले. सदतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेल्या बाईने हे केलं. प्रगतिपुस्तकातल्या चाराला नेमकी हीच टोपी घालून घरी सही घेणाऱ्या किती तरी मुलींना जिने वर्गाबाहेर उभं केलं होतं, तिने. त्या वेळी मी त्रेसष्ट वर्षांची होते. वयाने लहान होते म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

आज हे आठवायचं कारण म्हणजे शेजारच्या सोसायटीचा माळी. त्याने सकाळी पाचोळ्याचा ढीग पेटवला. पुण्यातला माझा दुसरा मजला, खिडकीत मी, हातात चहा. आणि तो वास नाकात शिरला तशी मी उठून भराभर खिडक्याच लावायला लागले. एक, दोन, तीन. मग लक्षात आलं की आपण सिंगापूरला, मुलाच्या पुंगोलच्या घरी नाही. तरी चौथीही लावली.

पुंगोलचा तो सप्टेंबर धुराचा होता. समुद्रापलीकडच्या जंगलांत आगी लागल्या होत्या आणि वारा तो सगळा धूर आमच्यावर आणून ओतत होता. तिथे त्याला सगळे हेझ म्हणतात. ऐन मुलांच्या सुट्टीत हेझ. चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून रोज दिसणारी एलआरटीची दोन डब्यांची खेळण्यातली गाडी वळणावर यायची आणि धुरात विरघळून जायची, परत येईल की नाही अशी शंका यावी इतकी. पाण्याकाठी फिरायला जाणं बंद. कॉरिडॉरमधली तुळस आत आणून बाथरूमच्या दारात ठेवली. दाराच्या फटीला ओला टॉवेल. केसांना, उशीला, दह्यालासुद्धा तो वास. आणि सगळं शहर दर तासाला फोनमध्ये एक आकडा बघायचं, हवेचा. पीएसआय. माझी नात जुई, तेव्हा अकरा वर्षांची, सकाळी डोळे चोळत यायची ती तो आकडा सांगतच. "आजी, वन-एटी ऑलरेडी. कॅनॉट गो डाऊन लाह." आकडा उतरला की तिचा चेहरा खुलायचा, चढला की पडायचा. त्याच वेळी मी जेवणाच्या टेबलाशी बोटाला सुई टोचून उपाशीपोटीची साखर बघत बसलेली असे. तिथेही आकडा कमी आला की मी खूश. हे मुद्दाम सांगून ठेवते. कमी म्हणजे चांगलं, हे ज्या घरात रोज सकाळी दोनदा सिद्ध होत होतं, त्या घरात मी ती टोपी घातली.

या सगळ्याचं मूळ म्हणाल तर दोन कॉम्प्युटर. खरं म्हणजे त्यांच्या पोटातले दोन प्रोसेसर. त्याहून खरं म्हणजे दोन आज्या, पण तिकडे येतेच.

पहिला कॉम्प्युटर माझ्या मुलाचा, मंदारचा. मंदार जहाजावर इंजिनिअर. चार चार महिने समुद्रावर आणि मग दोन महिने घरी. त्या आधीच्या सुट्टीत त्याने जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून ते यंत्र स्वतः जोडलं. जहाजाच्या इंजिनात कोपरापर्यंत हात घालणारा माझा मुलगा तो चौकोनी तुकडा श्वास रोखून दोन बोटांत धरत होता, तान्ह्याची नखं कापताना धरतात तसा. त्यावर करड्या मलमाचा वाटाण्याएवढा ठिपका ठेवला आणि वरून थंड ठेवणारा पंप दाबून बसवला. तो ठिपका कमी पडला तर गरम होतं, जास्त झाला तर ओघळतं, असं मला समजावलं. मी म्हटलं, म्हणजे कळण्याच्या भाकरीला तेल लावतात तसं. तो म्हणाला, हो आई, तसंच. दमलेला होता.

दुसरा कॉम्प्युटर निखिलचा. निखिल म्हणजे माझ्या सुनेचा, केतकीचा भाऊ. बुकित तिमाहच्या कॉन्डोत, म्हणजे पोहण्याच्या तलावासकटच्या महागड्या सोसायटीत राहायचा, आयटीत होता. त्याचाही प्रोसेसर तितकाच वरच्या प्रतीचा, पण जात वेगळी. मंदारच्यात सोळा कोअर, निखिलच्यात आठ. निखिलचे आठ मात्र एकेक भलते वेगवान. मामा-भाचीचं फोनवर यावरून तासन् तास चालायचं आणि मी बाजूला भाजी निवडत ऐकायची. मला कळावं म्हणून मी त्याचं माझ्यापुरतं भाषांतर केलं होतं. आमच्याकडे सोळा बायका पोळ्या लाटायला बसल्यात, हात बेताचा. त्यांच्याकडे आठच, पण हाताला नुसती वीज. पंगत मोठी असेल तर आमच्या सोळा जणी भारी पडणार. पण पुरण घोटायचं असेल तर पातेल्याशी एकीच्याच हातात पळी राहणार, बाकीच्या पंधरा जणी नुसत्या बघत बसणार. तिथे त्यांची एक वेगवान बाई आमच्या बाईला मागे टाकणार. जुईला हे इतकं पटलं की तिने मामाला इंग्रजीत पोळ्या आणि पुरण समजावून सांगितलं. इथपर्यंत मी शहाणी होते, हे नोंदवून ठेवा.

आता सुलभाताई. केतकीची आई, माझ्या विहीणबाई. मूळच्या पार्ल्याच्या, पण मुलाकडे सिंगापूरला कायमच्या राहिलेल्या. मी आपली तीन महिन्यांच्या पासवर आलेली पाहुणी. जुईने आम्हा दोघींची नावं ठेवली होती: मी पुंगोल आजी आणि त्या कॉन्डो आजी. पोरीच्या मनात काही नव्हतं, पण मला ते नाव ऐकू यायचं तेच मुळी आगगाडीच्या डब्यासारखं, पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग. कॉन्डो आजी पोहायच्या. पासष्टाव्या वर्षी, टोपी घालून, तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कॉन्डो आजींना जुईचं अर्धं सिंग्लिश, ते शेवटी लाह लावणारं तिथलं इंग्रजी, कळायचं आणि त्या तिला त्यातच उत्तर द्यायच्या. कॉन्डो आजींनी शाकाहारी लाक्सा, नारळाच्या दुधातलं तिथलं तिखट शेवयांचं सूप, करायला शिकून घेतला होता, आणि जुई तो ज्या आवाजात ओरपायची तो आवाज माझ्या साबुदाण्याच्या खिचडीला कधी मिळाला नाही. मला सुपारी लागल्यासारखं व्हायचं. घशाशी काही तरी अडकतं, पाणी प्यायलं तरी जात नाही, आणि चारचौघांत हसत बसावं लागतं. मी हसत बसायची. पदर नीट करायची, लाक्सा छान झालाय म्हणायची आणि घरी आल्यावर केतकीला सांगायची, मीठ जरा पुढे होतं नाही? केतकी पाया लेबारच्या ऑफिसात दिवसभर लोकांच्या तक्रारी मिटवायची. घरच्या तक्रारींना सुट्टी.

त्या सुट्टीत जुईला एक मिनिटाची ॲनिमेशन फिल्म करायची होती, शाळांच्या स्पर्धेसाठी. धुरात वाट चुकलेलं पाणमांजर आणि त्याची समुद्राकडे पोहत जाण्याची धडपड. पुंगोलच्या पाण्यात पाणमांजरं खरोखरची असतात, आम्ही रोज बघायचो. गोष्ट पोरीने एकटीने रचली होती. पण अशा फिल्ममधलं एकेक चित्र कॉम्प्युटरला हिशेब करून रंगवावं लागतं, त्याला रेंडर म्हणतात, आणि धूर हा त्यातला सगळ्यात कठीण पदार्थ. धुराच्या प्रत्येक कणावर उजेड कसा पडतो ते मोजत प्रोसेसर घामाघूम होतात. म्हणून मामा-भाचीने ठरवलं: एकच नमुन्याचा तुकडा दोन्ही यंत्रांवर चालवायचा आणि आकडा बरा येईल तिथे फिल्म करायची. करायची म्हणजे जुईने तिथेच राहायचं, उरलेली सगळी सुट्टी. माझा परतीचा दिवस त्या सुट्टीनंतर लगेच होता. म्हणजे तो आकडा माझ्यासाठी नुसता आकडा नव्हता. त्या आठ दिवसांत नात कोणाच्या शेजारी झोपणार याचा तो निकाल होता.

जुई चाचणी लावून, मास्क चढवून हिंदीच्या क्लासला गेली. जाताना चिठ्ठी आणि पेन माझ्या हातात देऊन म्हणाली, थांबलं की नंबर लिही आणि विंडो बंद कर. मी यंत्रासमोर खुर्ची टाकून बसले. काचेच्या भिंतीमागे रंगीत दिवे, पंख्यांची घूं घूं, बाहेर पिवळट आभाळ. थांबलं. सत्तेचाळीस. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, विंडो बंद केली, चिठ्ठी फ्रिजवर लावली. अगदी प्रामाणिकपणे. मी जन्मजात लबाड नाही.

पाच मिनिटांत फोन वाजला. कॉन्डो आजी. आवाजात नुसता गोडवा. "विहीणबाई, आमच्याकडे अडुसष्ट आले बरं का. तुमचं झालं?"

मी म्हटलं, चालूच आहे अजून.

फोन ठेवला आणि फ्रिजसमोर उभी राहिले. सत्तेचाळीस आणि अडुसष्ट. एकवीस गुणांनी नापास. माझा मुलगा तिकडे समुद्रावर, त्याची बाजू घ्यायला घरात कोणी नाही, आणि इकडे पोहणाऱ्या बाईचा पहिला नंबर. तो चार माझ्याकडे उघड्या डोक्याने बघत होता. हाताशी पेन होतं. पाया पडायला वाकावं इतक्या सहजपणे मी टोपी घातली. चिठ्ठीवर जे पेन वापरलं होतं ते जुईने दिलेलं निळं. आता हातात होतं ते माझं, साखर लिहायच्या वहीचं, काळं. तेही मला दिसलं नाही. माझ्या वर्गातल्या मुली निदान शाई तरी सारखी वापरायच्या.

जुई आली. चिठ्ठी बघितली. मी तोंडभर हसायच्या तयारीत. आणि पोरीचा चेहरा पडला. तिने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मामाचा फोन आला: सत्त्याण्णव? सोळा कोअरवर? शक्यच नाही, गरम होत असणार, खिडक्या बंद आहेत ना, मलम वाळलं असेल, चालवूच नका ते, जळेल. केतकीने यंत्र बंद करून त्यावर चादर टाकली. मला वाटलं, काय ही माणसं, जिंकलेल्याला चादर घालतात? पण विचारायचं कसं? गुन्हेगाराने फार प्रश्न विचारू नयेत एवढं कळत होतं. संध्याकाळी निखिल गाडी घेऊन आला आणि जुई तिची पिशवी, पोहण्याचा पोशाख आणि उशी घेऊन बुकित तिमाहला गेली. उशीसुद्धा.

घरात मी आणि चादर पांघरलेलं ते यंत्र. दुसऱ्या दिवशी जहाजाला इंटरनेट मिळालं तसा मंदारचा निरोप आला. पंपाचा आवाज येतो का? काच हाताला गरम लागते का? आई, जरा हात लावून सांग. मी हात लावला. काच थंडगार होती. आजारी नसलेल्याला आजारी म्हणून निजवलेलं होतं, आणि त्याचा जोडणारा दूर पाण्यावर बसून आपल्या वाटाण्याएवढ्या ठिपक्यात कुठे चुकलं ते आठवत होता. मी त्याला लिहिलं, बरं आहे, काळजी करू नकोस. खरं तेवढंच लिहिलं त्या आठवड्यात.

शुक्रवारी जुईला फोन केला. पाणमांजर कसं आहे विचारलं, जेवलीस का विचारलं. मग अगदी सहज वाटावं असं विचारलं, आमचे मार्क जास्त असूनही तू तिकडे का गं गेलीस?

मग ती म्हणाली, "मार्क्स नाहीत ते आजी, सेकंद आहेत. एका चित्राला किती सेकंद लागतात ते. लोअर इज बेटर लाह."

व्यस्त प्रमाण. आठवीच्या पुस्तकातला धडा. माणसं वाढली की दिवस कमी होतात, नळ वाढले की टाकी लवकर भरते. सदतीस वर्षं मी तो धडा शिकवला होता. आणि उत्तराला एकक लिहिलं नाही म्हणून अर्धा मार्क कापणारी म्हणून माझी ख्याती होती. मीटर की लिटर, रुपये की रताळी, असं विचारून मुलींना रडवायची. खुद्द जुईच्या गृहपाठाचाही त्याच महिन्यात दोनदा अर्धा मार्क कापला होता आणि ती फुगून बसली होती. त्या बाईने सत्तेचाळीस लिहिलं आणि सत्तेचाळीस काय हे विचारलं नाही. आम्ही जिंकलो होतो. मी मेहनतीने हरवलं होतं.

तरी शुक्रवारी मी गप्प राहिले. ते जास्त वाईट, टोपीपेक्षाही. मत्सर निदान गरम असतो. ही गप्प बसण्याची थंडी वेगळीच.

शनिवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास निखिलचा फोन आला. केतकीने स्पीकर लावला. फिल्म पूर्ण झाली होती, पण आता नीट बघितल्यावर दिसलं की धुरात पाणमांजराला सावलीच नाही. सगळी चित्रं पुन्हा रंगवायला हवीत, चौदाशे चाळीस. रविवारी दुपारी बाराला स्पर्धेचं दार बंद. आमच्याकडे सत्तावीस तास लागतील ताई, निखिल म्हणत होता, होणार नाही. मागून जुईचा आवाज आला, अगदी सपाट. "नेव्हर माइंड लाह." ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, "मंदारचं मशीन चांगलं आहे. तो नऊ नाही. चार आहे. मी वर रेघ मारली."

केतकी माझ्याकडे बघत राहिली, पाया लेबारला ती ग्राहकांकडे बघत असेल तशी. मग जुईने विचारलं, "आजी, यू चेंज्ड इट? पण का?"

"मला वाटलं, जास्त म्हणजे चांगलं."

"पण विन कशाला करायचं होतं?"

"तू इथे राहावीस म्हणून."

मग निखिलने घसा साफ केला. काकू, सत्तेचाळीसने एकट्यालाही जवळजवळ एकोणीस तास लागतील, म्हणाला. बारा वाजून जातील. म्हणजे दोघांपैकी कोणीच एकटं वेळेत पोचत नव्हतं. दोन्हीकडे वाटून लावू, पण कोणी किती घ्यायची?

इथे मात्र मी उठले. फ्रिजवरची तीच चिठ्ठी काढली, मागची बाजू कोरी होती. वेग वेळेच्या व्यस्त. अडुसष्टास सत्तेचाळीस. एकशे पंधरा भाग. आठशे बावन्न चित्रं आम्ही, पाचशे अठ्ठ्याऐंशी तुम्ही, दोन्हीकडे साधारण अकरा तास. मोठ्याने सांगितलं आणि "चित्रं" आणि "तास" या दोन्ही शब्दांखाली दोन दोन रेघा मारल्या. केतकीने चादर काढली. पंखे घूं घूं करायला लागले. मी त्या रात्री लवकर झोपले, कारण जागून माझ्या हातात काही नव्हतं, आणि सकाळी उठले तेव्हा दोन्हीकडचं काम संपलेलं होतं. फिल्म नऊलाच गेली. बक्षीस मिळालं नाही, तेही सांगून टाकते. पाणमांजराला सावली मात्र होती.

मंदारला केतकीने सगळं कळवलं. त्याचं उत्तर आलं ते नुसते हसणारे चेहरे आणि शेवटी एकच ओळ, मलम बरोबर लावलं होतं तर. जुई आता कॉलेजात आहे. ती म्हणते, ते दोन्ही प्रोसेसर केव्हाच म्हातारे झाले, आज कोणी त्यांची तुलनासुद्धा करत नाही. मला हे ऐकून थोडं वाईट वाटतं. तुलना होत होती तोवर बिचारे तरुण होते. आणि मी सांगते, सुलभाताईंबद्दलची ती सुपारी माझ्या घशातून अजून पूर्ण उतरलेली नाही. परवा त्यांनी तलावातला फोटो पाठवला. एकाहत्तराव्या वर्षी. मी अंगठा पाठवला आणि फोन उलटा ठेवला.

त्या रविवारी दुपारी त्या पुंगोलला आल्या होत्या, निखिल आणि जुईला घेऊन. जुईने घरात शिरताच माझ्यासमोर बोट नाचवलं, हाफ मार्क कट आजी, युनिट नाही लिहिलं, आणि उशी माझ्या पलंगावर फेकून दिली. जेवणं झाली. धूर तसाच होता, खिडक्या तशाच बंद. मी ओट्याशी भांडी विसळत होते, विहीणबाई पुसत होत्या. मी मनातल्या मनात माफीचं वाक्य जुळवत होते आणि ते जुळत नव्हतं.

सुलभाताई निवृत्त होण्याआधी तीस वर्षं महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीत होत्या. शाळेच्या प्रवेशासाठी जन्माचे आकडे बदलून आणणारे आईबाप त्यांनी टेबलापलीकडे हजारांनी बघितलेले. हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कधी डोक्यात आला नव्हता. त्यांनी हात पुसले, मी हिशेबानंतर परत फ्रिजवर लावलेली चिठ्ठी काढली, खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी केली, परत सरळ केली. निळा चार, काळी टोपी. मग चिठ्ठी घडी घालून माझ्या हातात ठेवली आणि बाहेर जुईला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाल्या,

"फोटो आला तेव्हाच मला दोन शाया दिसल्या होत्या, विहीणबाई. पण पोरगी आठ दिवस माझ्याकडे येणार होती ना, म्हणून मी चष्मा काढून ठेवला. माझाही अर्धा कापा."